जबड्यातलं कुंकू

माझं वर्कशॉप घराच्या पुढच्या खोलीत आहे. नवरात्रात त्या दारातनं दर घटकेला कुणीतरी डोकावतं आणि विचारतं, "रूम हाय का?" तुळजापुरात दार उघडं दिसलं की ते लॉजच, असा यात्रेकरूंचा ठाम समज. नाही म्हटलं की पुढचा प्रश्न तयार, "मग चपला ठिवू का?" एकजण तर टेबलावरची औजारं बघून म्हणाला, "दात काढत्यात व्हय हितं?" म्हटलं, व्हय, बसा, कुठला काढू? देवीचं नाव घेत पळाला.

दातांचं नाही, पण जबड्यांचंच काम आहे माझं. वायरीच्या टोकाला धातूची एक छोटी टोपी बसवतात, तिला लग म्हणतात. तो लग वायरीवर दाबून घट्ट करायचं जे पकडीसारखं औजार असतं, ते क्रिंपिंग टूल. गल्लीतला इलेक्ट्रिशियन साध्या पकडीनं लग चेपतो, वर टेप गुंडाळतो आणि "झालं काका" म्हणतो. घरच्या पंख्याला ते चालून जातं. अणुऊर्जेच्या प्लांटात चालत नाही. जोड सैल राहिला तर तापतो, जास्त दाबला तर आतल्या बारीक तारा कापल्या जातात, आणि वरनं बघणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात. ती वायर एखाद्या पंपाला "चालू हो" म्हणून सांगणारी असते. पंपाला ऐकूच गेलं नाही तर काय करता? म्हणून प्लांटातली ही टूल ठरल्या मुदतीला तपासायची, उघडायची, पुसायची, झिजलेला भाग बदलायचा.

तपासायची रीत साधी. टूलचा जबडा पूर्ण मिटवायचा आणि मधल्या फटीत दोन पिना घालून बघायच्या. बारीक पिन आत गेलीच पाहिजे, जाडी पिन जाताच कामा नये. बायकोला हे मी लग्न झाल्या झाल्या समजावून सांगितलं होतं. तेव्हा ती म्हणाली, "म्हंजे सुनंसारखं. घरात यावं, पण लई आत येऊ नये." माझी आई शेजारीच बसली होती. त्या दिवशी मला दोघींकडनं जेवण उशिरा मिळालं.

माझी सगळी नोकरी समुद्राकाठच्या एका प्लांटाच्या टूलरूममध्ये गेली. मूळचे आम्ही माकणीचे, पण निवृत्त झाल्यावर बायकोला देवीच्या पायाशी राहायचं होतं, म्हणून तुळजापुरात घर बांधलं. टूल तपासायचं काम प्लांटनं माझ्याकडं चालू ठेवलं. लोखंडी पेटीत भरून टूल यायची, मी तपासून परत धाडायचो. आणि गंमत बघा, आम्ही तिथनं निघालो आणि आमची एकुलती एक पोरगी डिप्लोमा करून त्याच प्लांटात वायरिंगच्या कामाला लागली. एवढ्या वर्षांत मला वाटायचं, हे खारं वारं सोडून कधी एकदा घरी जातो. घरी आलो, तर घरातलं माणूस तिकडं गेलं.

प्लांटाचा एक रिवाज आहे. टूल तपासणीला पाठवायच्या आधी, ज्याच्या हातात ते असतं त्यानं त्याच टूलनं एक शेवटचा जोड दाबायचा आणि तो वायरीचा तुकडा टूललाच बांधायचा. म्हणजे टूल तिथनं निघताना कसं चालत होतं ते मला कळतं. मी तो तुकडा यंत्रात ताणून तोडतो आणि किती ताकदीला तुटला ते बघतो. पोरीच्या हातचे तुकडे मला पेटी उघडताच ओळखू यायचे. तिचा दाब अगदी मधोमध. लगच्या तोंडातनं तारांची टोकं जराशी बाहेर, सगळी एका उंचीची. ते यंत्रात लावताना माझ्या जिवावर यायचं, पण तोडल्याशिवाय इलाज नव्हता.

बायको तो तुटका तुकडा हातात घेऊन विचारायची, "ह्यो तिनंच दाबला व्हय? कवा दाबला असंल?" मी चिडायचो. अगं, कालच तर तासभर फोनवर बोललीस! त्यावर ती म्हणायची, "फोनमदी पोरगी दिसती. हात लावाय गेलं की काच लागती." मलाही पेटीची वाट असायची, फोनपेक्षा जास्त असायची.

पोरगी दसऱ्याला यायचीच बंद झाली होती. तिचा शटडाऊन नेमका त्याच सुमाराला. शटडाऊन म्हणजे प्लांट थांबवून आतली सगळी दुरुस्ती करून घ्यायची, आणि त्यात सुट्टीचं नाव काढायचं नाही. बायकोला हे पटायचं नाही. ती फोनवर म्हणायची, "आमची देवी दसऱ्याचं सीमोल्लंघन करून पलंगावर निजती ती कोजागिरीपतुर. देवी निजली की सगळ्यांनी हळू बोलायचं. तुमचा प्लांट निजला की तुमी दुप्पट धावताय. हे कसलं निजणं म्हणावं!" पोरगी हसायची. हसता हसता म्हणायची, "आई, पुढच्या वर्षी नक्की." हे "पुढच्या वर्षी" मी इतकं ऐकलं की मला त्या शब्दांचा राग यायला लागला.

ह्या वर्षी घटस्थापनेच्या आधी तिचा फोन आला. बायकोनं तिची खोली झाडून घेतली होती, नवी चादर घातली होती, शेंगांची चटणी कुटून बरणीत भरली होती. पोरगी म्हणाली, "अप्पा, येणं होईल असं दिसत न्हाय. टूलांची पेटी मात्र दसरा झाला की लगेच धाडा, इथं खोळंबा होईल." मी बरं म्हटलं. बायकोनं फोन हातात घेतलाच नाही. दुपारी बघतो तर चटणीची बरणी उचलून शेजारणीला देऊन आलेली. ह्या दसऱ्याला पोरगी घरी यावी, एवढं एकच तिच्या मनात होतं. खोटं कशाला बोलू, माझ्याही मनात दुसरं काही नव्हतं. फरक एवढाच की मला ते बोलता येत नव्हतं, म्हणून मी दिवसभर यात्रेकरूंवर खेकसत होतो.

खंडेनवमीला आमच्याकडं औजारांची पूजा होते. माकणीला असताना विळे, खुरपी, पाभर, सगळं धुऊन ओळीनं मांडायचे. तीच रीत मी वर्कशॉपमध्ये चालू ठेवली. वस्तू घट्ट धरायच्या व्हाईसला, हातोडीला, ताण देणाऱ्या यंत्राला हळदीकुंकू आणि झेंडूचं फूल. पण प्लांटाच्या टूलांना हात लावायचा नाही. ती परक्याची अमानत, आणि त्यांच्या जबड्यात बाहेरचा कणसुद्धा जाऊन चालत नाही. त्यांची पेटी बंद ठेवायची, झाकणावर एक फूल ठेवायचं आणि लांबनं हात जोडायचे. हा नेम, आणि जबड्यात काही गेलंच तर प्लांटाचं माणूस यावं लागतं हेही, बायकोला माझ्याइतकंच पाठ होतं.

दसऱ्याच्या सकाळी शेवटची नजर टाकावी म्हणून मी पेटी उघडली आणि कपाळाला हात लावला. एकेका टूलचा जबडा फाकवून आत बोटानं कुंकू भरलेलं. वरवर लावलंय म्हणावं तर तसंही नाही, ओलं करून, दाबून, नीट. एका टूलच्या दातेरी चाकात तांदळाचा दाणा अडकलेला. तपासून, पुसून, तेलाचा थेंब देऊन मी ती तयार ठेवली होती. तेलात कुंकू कालवून आत चिखल झाला होता.

"हे कुणी केलं?" मी ओरडलो.

आतनं शांत आवाज आला, "पूजा केली."

"प्लांटाच्या टूलांची?"

"औजारंच न्हवं ती? मग पूजा नको?"

"अगं, बाहेरनं बोट टेकवलं असतं एक वेळ! जबड्याच्या आत कुंकू भरतं का कुणी?"

"देवीला मळवट भरत्यात. बोट न्हाईत टेकवत."

"आणि हा तांदूळ?"

"अक्षता टाकताना पडला असंल एखादा. एवढं काय त्याचं!"

मी नको नको ते बोललो. एवढी वर्षं टूलरूमवाल्याबरोबर संसार केलास, आणि अक्कल कुठं गहाण ठेवलीस, इथपर्यंत बोललो. एरवी माझ्या एका शब्दाला तिचे चार तयार असतात. त्या दिवशी ती दारात उभी राहून नुसती पदराला बोटं पुसत राहिली. बोटं लालच होती. बाहेरनं एक बाप्या डोकावला आणि म्हणाला, "रूम..." मी त्याच्याकडं नुसतं बघितलं. तो गेला.

शेवटी पोरीला फोन लावला. झालं ते सांगितलं. किती टूलांत गेलंय ते तिनं विचारून घेतलं. मग ती कामावर बोलते त्या आवाजात म्हणाली, "अप्पा, आता कशालाच हात लावू नका. पेटी मिटवा आणि कुलूप लावा. बाहेरचं काही आत गेलं असलं तर टूल प्लांटाच्या माणसासमोरच उघडायची, असा नियम आहे. मी विचारते कोण येतंय." थोड्या वेळानं तिचाच परत फोन आला. "इथं दुसऱ्या कुणाला सोडता येत न्हाय म्हणाले. मीच येते. उद्या सकाळी पोचते."

मी फोन ठेवला. बायको दारातच होती. "काय म्हणली?"

"येते म्हणाली."

त्यावर ती आत गेली आणि डबा काढून हरभऱ्याची डाळ निवडायला बसली. पुरणाची तयारी! माझ्या डोक्यात तेव्हा टूल आणि शटडाऊन एवढंच होतं, त्यामुळं मी आणखी चिडलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोलापूरकडनं आलेल्या गाडीतनं, देवीला निघालेल्या माणसांच्या गर्दीत, आमची पोरगी उतरली. पाठीला एक पिशवी, केस घट्ट बांधलेले, डोळ्यांखाली जागरण. जरा वाळली होती. मी स्टँडवर उभा होतो. ओळीनं दहा वाक्यं तयार करून गेलो होतो, त्यातलं एकही आठवेना. म्हटलं, "गाडी वेळेवर आली म्हणायची." ती म्हणाली, "व्हय अप्पा." आणि माझ्या दंडाला धरून चालू लागली. मला त्या रस्त्यात काय झालं सांगता येत नाही. रस्ता आणखी लांब असायला पाहिजे होता, एवढंच वाटलं.

दारात बायकोनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं. "ये माय," म्हणाली आणि तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून बघत बसली. पोरीनं जरा वेळ बघू दिलं. मग म्हणाली, "आई, आधी टूल."

"आधी दोन घास खा. पोळ्या व्हत्या आल्यात."

"टूल झाल्यावर. न्हायतर घास उतरणार न्हाय मला."

टेबलावर पांढरं कापड अंथरून आम्ही बसलो, ती एका बाजूला, मी एका बाजूला. एकेक टूल उघडायचं, सुटे भाग ओळीनं मांडायचे, ब्रश आणि साफ करायच्या द्रावणानं कुंकू काढायचं, भिंगाखाली बघायचं, पुन्हा काढायचं. कुंकू असं कोपऱ्यात जाऊन बसतं की विचारू नका. कापडावर कापड लाल होत गेलं. पोरीनं मान वर न करता विचारलं, "आई, हे कुंकू कुठलं?"

"देवळापुढचं. नेहमीचं."

"त्यात काय काय घालतात?"

"मला काय ठावं! लाल असतंय."

"रंगात कुठला क्षार असला आणि तो तांब्याला लागला तर वर्षा-दोन वर्षांनी जोड खातो, म्हणून विचारते."

बायको चूल सोडून बाहेर आली आणि तिथंच खाली बसली. तिनं कापडांचा तो लाल ढीग बघितला. "इतकं वाईट असतंय व्हय?" तिनं विचारलं. पोरगी म्हणाली, "असेलच असं न्हाय. पण नसेलच असं मला सांगता येत न्हाय, आणि तिथं हेच सांगावं लागतं."

साफ झालेली टूल जोडून झाल्यावर आम्ही पिना घ्यायला लागलो. मी जबडा मिटवून धरायचो, ती पिन लावायची. "जाते." "बरं." "ही जात नाही." "बरोबर." पुढचं टूल. "जाते." "बरं." आमच्यात दुसरं बोलणंच नव्हतं, आणि मला सांगायला लाज वाटत नाही, इतक्या वर्षांत मी इतका सुखी नव्हतो. तिचं डोकं माझ्या डोक्याजवळ, भिंगात दोघांची बोटं मोठी दिसत होती. मनात येत होतं, एखाद्या टूलची पिन अडावी. म्हणजे ते पुन्हा उघडावं लागेल, पुन्हा पुसावं लागेल, दुपार सरायची नाही. एकही अडली नाही. तांदूळ अडकलेलं तेवढं तिनं वेगळं ठेवलं, त्याचं चाक बदलायला लागणार होतं.

मग ती जेवली. तूप, पुरणपोळी, कटाची आमटी. बायको समोर बसून बघत होती. पोरीनं पोळी खाऊन हात धुतला, फोन टेबलावर ठेवला आणि माझ्याकडं बघितलं.

"अप्पा, साहेबांना आता सांगायचंय. आत काय गेलं होतं म्हणून विचारतील." तिनं फोन जरा बाजूला सरकवला. "काल मी पावडर गेली एवढंच म्हटलंय. धूळ होती म्हणू का? रस्त्याचं काम चालू आहे, धूळ उडते, खिडकीतनं आली. टूल तर सगळी साफ झालीत, माझ्यासमोर झालीत."

"हां, धूळच की," बायको चटकन म्हणाली. "तुळजापुरात काय कमी धूळ हाय?"

मला कळलं पोरगी काय विचारत होती ते. पूजेत घरच्या माणसानं टूलांना कुंकू भरलं, हे साहेबांच्या कानावर गेलं की माझ्याकडं पेटी येणं बंद. पेटी बंद म्हणजे तिच्या हातचे ते तुकडे बंद. आणि ते सगळं झाकून टाकणं तिच्या हातात होतं, नुसत्या एका शब्दानं. ती माझ्यासाठी खोटं बोलायला तयार होती. कधी नव्हे ते मला इतकं हो म्हणावंसं वाटलं.

"कुंकू म्हण," मी म्हणालो.

"अप्पा..."

"कुंकू म्हण माय. कुठं एखादा कण राहिला असला आणि उद्या जोडात काही निघालं, तर ते धूळ शोधत बसतील. जे आहे ते सांग. कुणी भरलं तेही सांग."

तिनं फोन लावला आणि जसं झालं तसं सांगितलं. आवाज कापला नाही तिचा. साहेब भला माणूस असावा, रागावला नाही. शेवटी ती नुसतं "हो सर, हो सर" म्हणत राहिली, आणि फोन ठेवून खिडकीकडं बघायला लागली. ह्यापुढं टूल बाहेर पाठवायचीच नाहीत असं ठरलं होतं. प्लांटाच्या आतच तपासणार. आणि ते काम जमतं अशा माणसाला, म्हणजे तिलाच, शटडाऊनच्या आधी आणि नंतरही अंगावर घ्यायला लागणार होतं. सुट्टी होती त्याहून कमी.

आपलेच दात, आपलेच ओठ. कुणाला बोलणार? बायको धपाटे बांधत होती. फडकं सोडायची, आणखी दोन घालायची, पुन्हा बांधायची.

त्याच संध्याकाळच्या सोलापूर गाडीनं पोरगी निघाली. पेटी तिच्याबरोबरच जायची होती, ती मी वर चढवून तिच्या सीटखाली सरकवली. खाली उतरताना तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तू बरोबर केलंस," म्हटलं. ती म्हणाली, "तुम्ही केलंत अप्पा." तिचे डोळे भरले होते, माझेही. मी खाली येऊन उभा राहिलो.

बायको खिडकीशी होती, पोरीचा हात दोन्ही हातांत धरून.

"म्हंजे आता पेटी न्हाय यायची," ती म्हणाली.

"न्हाय आई."

"कवाच?"

"सगळं तिथंच होणार."

कंडक्टरनं दोनदा घंटी दिली. गाडी हलली, तरी बायकोनं हात सोडला नाही, गाडीबरोबर चालू लागली. आदल्या दिवशी मी तिला अक्कल नाही म्हणालो होतो. ती खिडकीकडं तोंड करून, मलाही ऐकू आलं इतक्या स्वच्छ आवाजात म्हणाली, "मग आता म्या काय उघडू गं, तू यावंस म्हणून?"